बायकांच्या ओट्यावरचं नाव

आबा, हे वाचून तुमचा जळफळाट व्हावा म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही वाचणार नाही, ते मला कळतं. पण जिवंत होतात तेव्हा तरी माझं काय ऐकून घेतलंत? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की चेहरा आठवायला मला भिंतीवरच्या फोटोकडे बघावं लागतं, आणि फोटोत तुम्ही होतात त्याहून बरे दिसता. आवाज मात्र अजून कानात आहे. बारामतीच्या गुळाच्या अडतीवर ढेपेवर थाप मारून तुम्ही भाव पुकारलात की तो पार बाजारतळापर्यंत ऐकू जायचा. गावात तुमचा दरारा होता, म्युनिसिपालिटीत खुर्ची होती, फेट्याचा तुरा कधी खाली आला नाही. तो खाली आणायचं काम मी अंगावर घेतलं. कसं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. सगळं ऐका. मध्येच उठून अडतीवर जायची सोय आता तुम्हाला नाही.

आपल्या घरी आठवड्याचा बाजार म्हणजे आईला शिक्षा होती. पहाटेपासून गुळाच्या गाड्या लागायच्या, ओसरीवर गावोगावची माणसं बसायची, चहाचं भांडं चुलीवरून खाली उतरत नसे. गावातल्या सगळ्या बायकांसारखी आई तांबडं फुटायच्या आत कऱ्हा नदीकडे जाऊन यायची आणि मग दिवेलागण होईपर्यंत काही नाही. घरामागं एक संडास बांधून घ्या असं मामानं एकदा सुचवलं, तर तुम्ही म्हणालात, "देव्हारा हाय घरात. बाट लावतो काय?" तुम्हाला स्वतःला काय, दिवसातून केव्हाही तांब्या उचलावा आणि नदीची वाट धरावी. मला आई दिसते, चुलीपुढे उकिडवी बसलेली. भाकरी थापता थापता मध्येच तिचा हात थांबतो, ओठ आवळले जातात, आणि थोड्या वेळानं पुन्हा थापणं सुरू होतं. बाजाराच्या दिवशी ती पाणी पीत नसे. मला वाटायचं, उपास असेल.

बाजारतळावर बायकांसाठी म्हणून पत्र्याचा एक संडास होता, पण त्याला दार नव्हतं आणि तोंड रस्त्याकडे होतं. गाडीवान त्याच्या खांबाला बैल बांधायचे. त्यात बाई गेलेली कुणी पाहिली नाही. तो पाडून नीट आडोशाचं काहीतरी बांधावं असा ठराव म्युनिसिपालिटीत एका तरुण डॉक्टरानं आणला, तेव्हा तुम्ही उठलात. तुम्ही काय बोललात ते मला माहीत आहे, कारण घरी येऊन ओसरीवरच्या मंडळींना तुम्ही ते पुन्हा बोलून दाखवलंत. "म्हनलं, डाक्टर, कऱ्हा काय आटली का? आमच्या बायका काय मडमा हायेत व्हय, खुर्चीत बसाय? बाईच्या जातीनं सोसावं. सोसलं की सवय हुती." ओसरी हसली. ठराव तर सभेतच हसण्यावारी गेला होता. दाराआड आई चहा गाळत होती. तिनं कप भरले, माझ्या हाती ताट दिलं, आणि ते मी तुमच्या पुढ्यात आणून ठेवलं.

पण तेवढ्यासाठी मी तुमच्यावर दात धरला नसता. दात धरला तो बैलांच्या दमणीतल्या त्या दिवसासाठी. मी दहा वर्षांची असेन. माघ महिना आहे, शेतात शाळू उभा आहे, आणि इंदापूरच्या अलीकडच्या एका गावाहून लग्न आटोपून आपण परत निघालो आहोत. पुढे तुम्ही आणि तुमचे दोन मानकरी पाहुणे, मागे गादीवर आई आणि मी. बैलांना पाणी पाजायला गाडी थांबते ती विहिरीवर, तिथं मोटकरी आणि गुराखी. तुम्ही तिघं बाभळीमागं जाऊन येता, तंबाखू मळता, गाडी पुन्हा चालू लागते. उन्हं कलल्यावर आई माझ्या कानाशी लागते. "आबास्नी म्हन, त्या जुंधळ्यापाशी गाडी जरा थांबवा. तुला लागलीय म्हन." मी तसंच म्हणते. तुम्ही गाडी थांबवता आणि मला म्हणता, "उतर. हितंच चाकापाशी बस. पोरीला काय आडोसा लागतोय?" मी चाकापाशी बसते आणि परत वर चढते. आईला उतरायला कारण राहत नाही.

थोडं पुढं गेल्यावर तिनं माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या. मग मी तिला न विचारताच म्हणाले, "आबा, आईला जायचंय." पाहुणे दुसरीकडे बघायला लागले. तुम्ही मात्र मागे वळलात, आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालात, "बाई हाय का तान्हं लेकरू? घरी गेल्याव बघू." गाडी हाकलीत. कालव्याच्या कडेचा रस्ता किती खडबडीत होता ते तुम्हाला ठाऊक आहे. घरी पोचलो तेव्हा सगळे उतरले आणि आई उतरेना. गाडीतच पदर पांघरून, मान खाली घालून बसून राहिली. तुम्ही पानाची चंची घ्यायला परत आलात, गादीला हात लावलात, आणि काही न बोलता आत गेलात. मला वाटलं, चला, आबांना दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ती गादी अडतीपुढच्या अंगणात टाकायला लावलीत. गाड्या सुटत होत्या, हमाल ढेपा उतरवत होते. मोलकरीण पुढं झाली तर तिला थांबवलंत. "जेनं घान केली त्येनं धुवावी." आईनं धुतली. सगळ्या माणसांत, डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून, एकेक बादली ओतत धुतली. मी दारात उभी होते. तुम्ही तक्क्याला टेकून कुणाला तरी गुळाचा भाव सांगत होतात. आबा, तुम्ही तिच्यावर हात उगारला असता तर ते मी विसरले असते, त्या काळी घरोघर तेच होतं. ही गादी मात्र मी विसरले नाही.

त्या दिवसानंतर आई कुठं निघायची झाली की आदल्या संध्याकाळपासून पाण्याला शिवायची नाही. पुढे पुढे घरातही तसंच. मग कळा सुरू झाल्या, ताप यायला लागला, पाठीत उसण भरावी तशी ती वाकून चालायची. तुम्ही अंगारा आणलात, वैद्याचा काढा आणलात, आणि माझं लग्न ठरायच्या आत ती गेली. लोकांना तुम्ही सांगितलंत, तेवढंच आयुष्य लिहिलं होतं. मीही तेच धरून चालले. इंदापूरला नांदायला गेले, तुमचे जावई शाळेत मास्तर, त्यांच्या घरात रमले. मग माझ्या बाळंतपणात पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंशी मी आईच्या दुखण्याबद्दल बोलले. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी पीत होत्या का? वेळेला जाऊ शकत होत्या का?" आणि माझ्या चेहऱ्यावरच उत्तर वाचून म्हणाल्या, "कोंडून कोंडून मूत्रपिंडं गेली असतील." घरी येताना गाडीत मी ठरवलं की तुमच्याकडून हे वसूल करायचं. कसं, ते सुचत नव्हतं.

ते तुम्हीच सुचवलंत. एकोणीसशे तिसानंतरची ती वर्षं, तुम्ही अंथरुणाला खिळलात, मुलगा नाही, तेव्हा मला इंदापुराहून बोलावून घेतलंत. तुमचा हात हातात घेऊन मी बसले आहे आणि तुम्ही म्हणता आहात, "बाजारतळाला लागून नदीकडची आपली जागा हाय न्हवं, तितं माझ्या नावानं कायतरी बांध. लोकांच्या उपेगाचं. रोज चार मान्सांच्या तोंडी नाव आलं पायजे." मी म्हटलं, "व्हय आबा, नक्की बांधते." तुम्ही समाधानानं डोळे मिटलेत. तुम्हाला धर्मशाळा दिसत असेल नाहीतर घाटावरचं महादेवाचं देऊळ. मला काय दिसत होतं त्याबद्दल मी ताकास तूर लागू दिली नाही. पाय चेपत बसले आणि मनातल्या मनात विटा रचत राहिले. इतक्या प्रेमानं मी तुमचे पाय कधी चेपले नव्हते.

तुमचे दिवस झाले आणि मी बाजारात बायकांपुढे जाऊन बसले. तुमचे जावई आधी चपापले. सासऱ्याच्या नावानं संडास, लोक काय म्हणतील, वगैरे. मी दमणीची हकीकत सांगितल्यावर त्यांनी गुपचूप कागद-पेन्सिल घेतली. बायकांना मी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? आधी नुसत्या पदराआड हसायच्या. मग लोणी भापकरची एक माळवं विकणारी मावशी म्हणाली, "बाई, भिती कुनीबी बांदंल. पर माझी पाटी कुठं ठिवू? ती घिऊन आत गेले तर माझी मेथी कोन घील? अन भायेर ठिवली तर गुरं खात्यात." तिच्या मागून सगळ्या बोलायला लागल्या. तान्ह्याला पाजायला सावली नाही. उभं राहून पाय मोडतात. प्यायला पाणी नाही, आणि असतं तरी प्यायलो नसतो. सगळ्यांचं एकच म्हणणं, आत कशाला चालली ते गड्यांना कळता कामा नये.

म्हणून मी नुसता संडास बांधला नाही. पुढे ऐसपैस ओटा, वर कौलं, पाट्या ठेवायला एका बाईच्या नजरेत राहील असा कट्टा, पाण्याचा रांजण, पाळण्यासाठी कडी. ओट्याच्या मागे वळणाची भिंत आणि तिच्याआड संडास, दारांना आतून कड्या. खाली उतरती नाली करून बंद टाकी घेतली, म्हणजे कुणा बाईला घाणीची टोपली डोक्यावर घ्यायला नको. त्यावरून तुमच्या मंडळींनी बराच आरडाओरडा केला, आणि रांजण सगळ्या जातींना एकच ठेवला यावरून त्याहून जास्त. पहिलं वर्षभर काही घरच्या बायका त्या ओट्यावर चढल्या नाहीत. त्यांचं अडलं तेव्हा चढल्या.

आणि दर्शनी भिंतीवर दगड. पाथरवटाला मी सांगितलं, अक्षरं इतकी खोल घे की कुणाला खरवडता येऊ नयेत. वर तुमचं नाव, सगळ्या उपाध्यांसकट, आणि खाली 'यांचे अंतिम इच्छेनुसार'. उद्घाटनाला मी म्युनिसिपालिटीच्या सगळ्या सभासदांना बोलावलं. त्यांना वाटलं धर्मशाळा. कडक इस्त्रीचे कोट, फेटे, गळ्यात घालायला हार. आत फिरून आल्यावर एकेकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. तुमचे जुने स्नेही, दमणीत पुढे बसलेल्या दोघांपैकी एक, मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, बापाचं नाव आन आसल्या जाग्याला?" मी म्हटलं, "त्यांचीच इच्छा होती, काका. लोकांच्या उपयोगाचं काहीतरी कर म्हणाले. विचारा हवं तर यांना." तुमचे जावई मान खाली घालून उभे होते. काकांनी फेटा सावरला आणि वाट धरली. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

पुढे मात्र तुम्ही वर बसून खदखदून हसला असाल. पहिल्या बाजाराला एकही बाई आली नाही, दुसऱ्यालाही नाही. माझी चूक अशी की ओट्याचं तोंड मी गूळबाजाराकडे ठेवलं होतं. इतकी गार सावली फुकट मिळाल्यावर हमाल कशाला सोडतात? जेवण झालं की ते तिथं ताणून द्यायचे, तंबाखूच्या पिंका रांजणाशेजारी. बायका लांबून बघायच्या आणि पुढे जायच्या. मी जाऊन भांडले तर एकजण डोळे चोळत म्हणाला, "आक्का, आबांचं नाव हाय न्हवं भितीव. आमी आबांचीच मान्सं." तुमच्या नावानं मलाच घराबाहेर काढल्यासारखं झालं ते. मग आम्ही गूळबाजाराकडची बाजू भिंत घालून बंद केली आणि ओट्याचं तोंड नदीकडे फिरवलं. तरी बायका बिचकतच होत्या. शेवटी मी एका कासारणीला गाठलं. म्हटलं, बाजाराच्या दिवशी इथं ओट्यावर बस, जागेचं काही देऊ नकोस. झालं. बाई नवऱ्याला, सासऱ्याला तोंड वर करून सांगायला लागली, "बांगड्या भरून येते." बांगड्या भरायला जाणाऱ्या बाईला कोण अडवतं? ज्या विधवांचे हात मोकळे होते त्या लेकी-सुनांच्या सोबतीला म्हणून यायच्या. दिवाळीपर्यंत ओट्यावर बसायला जागा पुरेना. भाकरी सोडाव्यात, पोरं पाजावीत, माहेरची निरोपानिरोपी व्हावी, आणि मधूनच एखादीनं उठून भिंतीआड जाऊन यावं. भिगवणकडच्या मासेवाल्या, इंदापूरच्या बोरंवाल्या, सगळ्यांचं ते बसायचं ठिकाण झालं.

आणि आबा, त्यांनी त्या जागेला नाव पाडलं. संडास म्हणायला जीभ रेटत नव्हती, परसाकडं म्हणावं तर नदीची आठवण, मग दगडावरचं तुमचं नाव होतंच की. "आगं, जरा आबांच्यात जाऊन येते." "पाटी बघ गं, आबांच्यातनं आले." हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओट्याची पायरी चढत होते. भिंतीला धरून उभी राहिले आणि पोटभर हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रोज चार माणसांच्या तोंडी नाव हवं होतं ना? घ्या. तुमची ओसरी हसली होती तेव्हा दाराआड जी उभी होती तिच्या वतीनं हसले मी.

हे इथंच संपलं असतं तर मी हे लिहायला घेतलंच नसतं. त्यालाही आता वर्षं लोटली. तुमचे जावई गेले, मी बारामतीतच राहायला आले. गुळाच्या अडती मोडल्या, कारखाने आले. ज्यांनी तुम्हाला पाहिलं होतं ती माणसं एकेक करून संपली. उरला तो दगड. एका बाजाराला मी गेले तर दगडाला कुणीतरी हळदकुंकू लावलेलं. मी पदरानं पुसून काढलं. पुढच्या खेपेला पुन्हा, वर झेंडूचं फूल. एका नव्या बाळंतिणीला तिची आई सांगत होती, "पाया पड. ह्येंच्यामुळं आपली आब्रू झाकली." आणि ती पोरगी वाकली, आबा, तुमच्या नावापुढे वाकली. गणपती करायला गेले आणि माकड झालं म्हणतात. मी माकड करायला बसले आणि तुमचा गणपती झाला. संताप संताप झाला माझा. तिथल्या तिथं सगळं सांगून टाकावं, गादीसकट, म्हणून मी तोंड उघडलं.

कट्ट्यावर पाट्या राखत एक म्हातारी बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी ह्येंच्या लेक न्हवं? नशीबवान बगा. ज्या मान्साला बायकांचं ह्ये दुखनं कळलं, त्येची बायकू लई सुखात नांदली आसंल." बाकीच्या माना डोलवायला लागल्या. मी कुणाला काय सांगणार होते? म्हटलं, "पाणी द्या जरा." तिनं रांजणातलं पाणी दिलं, ते प्यायले आणि घरी आले. तेव्हापासून तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे, आणि त्याला कंटाळून आज हा कागद पुढ्यात घेतला. एका परीनं तुम्ही जिंकलात. मेल्यावरसुद्धा फुकटचं पुण्य पदरात पाडून घ्यायची तुमची खोड गेली नाही.

आता राहिलेलं एवढंच. काल गवंडी येऊन गेला. त्या भिंतीला ओल आली आहे, दगडाला चीर गेली आहे, तो काढून नवा बसवायचा म्हणतो. "आक्का, नाव त्येच घालायचं का दुसरं कुनाचं?" असं त्यानं विचारलं, सहज, पान खाता खाता. दुसरं कुणाचं म्हटल्यावर आईचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं. ज्या बाईसाठी मी तो सगळा खटाटोप केला तिचं नाव गावात कुठंच नाही, तुमच्या घराच्या कागदांवरसुद्धा नाही. एक शब्द बोलले असते तर तुमचा हिशेब चुकता झाला असता. आणि मी ते नाव त्या भिंतीवर डोळ्यांपुढे आणून बघितलं. उभा जन्म मी बायकांना सांगत आले की यात लाजण्यासारखं काही नाही, देहधर्म आहे, ताठ मानेनं यावं, बसावं, जाऊन यावं. तरी वाटलं, नको. तिथं आईचं नाव नको. गवंड्याला म्हटलं, तेच असू दे.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि हा कागदही कुणाला दाखवणार नाही. संडासावर आईचं नाव लावायची मला लाज वाटली, आबा. तेवढ्यापुरती मी तुमचीच लेक निघाले.